उमाळकरांची करंगळी

उमाळकर खोलीत यायचे तेव्हा सगळ्यात आधी त्यांची उजवी करंगळी यायची. मग मनगट, मग टेरिकॉटच्या बुशशर्टाची बाही, आणि एवढा लवाजमा आत येऊन स्थिरस्थावर झाला की मागून उरलेले उमाळकर. दार ढकलायचं तर करंगळीने. चहाचा कप उचलायचा तर करंगळी आढ्याकडे. स्कूटरवरून सेक्टर सहाच्या बाजारात निघाले की तीन बोटं ब्रेकवर आणि चौथं वाऱ्यावर. आमच्या कॉलनीतली पोरं त्यांना लांबून ओळखायची ती स्कूटरच्या रंगावरून नव्हे, त्या हवेतल्या बोटावरून.

त्या बोटात सोन्याची अंगठी होती आणि अंगठीत पाचू होता. निदान ते तसं म्हणायचे.

मी आयुष्यात पुष्कळ थापाडी माणसं पाहिली आणि त्यांतल्या निम्म्यांवर माझा जीव आहे. थापाड्या माणूस निदान आपल्या करमणुकीसाठी कष्ट घेतो, हातवारे करतो, घाम गाळतो. उमाळकर त्या दिलदार जातीचे नव्हते. त्यांची थाप समोरच्याला खालच्या पायरीवर बसवण्यासाठी असायची. ऐकून झालं की आपण काहीतरी क्षुद्र, काल-परवा जन्मलेले, बिनखड्याचे प्राणी आहोत असं वाटून माणूस घरी जायचा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायला यायचा, कारण उमाळकर भिलाईच्या पोलाद प्लान्टच्या टाइम ऑफिसात हेड क्लार्क होते. गेटवर कोण किती वाजता आला आणि कोणाच्या नावापुढे लेटमार्क लागला, हे सगळं त्यांच्या त्याच हाताखालून जायचं.

मी लॅबोरेटरीत केमिस्ट. त्यांच्या शेजारचं क्वार्टर माझं, मधे मेंदीचं कुंपण. त्यामुळे पाचूचा इतिहास मी जितक्या वेळा ऐकला तितक्या वेळा सत्यनारायणाची कथाही ऐकली नसेल.

इतिहासाची सुरुवात दैत्याच्या पित्तापासून व्हायची. "वल नावाचा दैत्य," उमाळकर डोळे मिटून म्हणायचे. त्याला देवांनी मारलं, वासुकी त्याचं पित्त घेऊन आकाशातून निघाला, वाटेत गरुडाने झडप घातली, आणि ते हिरवं पित्त जिथे सांडलं तिथे पाचूच्या खाणी झाल्या. मग मिसर देश, तिथली राणी, वाळवंटातल्या खाणी. मग सातासमुद्रापलीकडचे डोंगर, तिथल्या लोकांना लुबाडणारे स्पेनचे शिपाई. मग त्यांची जहाजं, त्यांतलं एक बुडालेलं. मग गोवा. मग दिल्लीचा बादशहा.

इथपर्यंत गाडी एकाच रुळावरून जायची. दिल्लीपासून मात्र फाटे फुटायचे. भिलाई म्हणजे अख्खा देश. एका रांगेत बंगाली, पंजाबी, तेलुगू, मल्याळी, आणि आपण वऱ्हाड-नागपूरकडचे. उमाळकरांचा पाचू समोरच्याचं गाव बघून वळण घ्यायचा. घोषबाबू ऐकत असले तर दिल्लीहून तो मुर्शिदाबादच्या नवाबाकडे जायचा. फर्नेसचे सरदारजी असले तर लाहोरला. हॉस्पिटलातल्या नायर सिस्टर असल्या तर त्याला दिल्ली पाहायलाच मिळायची नाही, तो परस्पर कोचीनला उतरायचा. तेलुगू रावसाहेबांसाठी निजाम होताच. शेवटी कुठूनही फिरून तो नागपूरच्या राजवाड्यात यायचा आणि राजेसाहेब तो उमाळकरांच्या खापरपणजोबांच्या हातावर ठेवायचे, कारण खापरपणजोबांनी राजाच्या हत्तीच्या पायातला काटा काढला होता. मी नोकरीला लागलो तेव्हा तो काटा होता. पाच-सहा वर्षांनी तो खिळा झाला. माझी मुलगी शाळेत जायला लागली तोवर भाल्याचं तुटलेलं टोक झालं होतं. हत्तीच जाणे त्याने इतकी वर्षं ते कसं सोसलं.

"मग काट्याचा खिळा केव्हा झाला, साहेब?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही लॅबवाले," ते म्हणाले, "तुमाले फक्त टक्केवारी समजते. इतिहास नाही समजत."

सभेत उमाळकर पुस्तकी मराठी बोलायचे. डिवचलं की ती गळून पडायची आणि खालून अस्सल नागपुरी निघायची. मला ती नागपुरी आवडायची. त्यांच्याजवळ खरी म्हणावी अशी ती एकच वस्तू होती.

खडा मी पुष्कळदा जवळून पाहिला होता. अजिबात वाईट नव्हता. वाटाण्याएवढा, सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा हिरवा, आणि आत मधोमध एक बारीक, गोल बुडबुडा. खऱ्या पाचूत रेषा असतात, जाळं असतं, जणू आत शेवाळ उगवलंय. गोल बुडबुडा काचेत असतो. हे मी त्यांना कधी बोललो नाही, पण त्यांनीच माझ्या नजरेचा रोख ओळखून एकदा खुलासा केला. "हा बुडबुडा म्हणजे समुद्राचा थेंब. जहाज बुडालं ना, तेव्हा शिरला आत."

आणि मी मान डोलावली. लाजायचं कशाला, डोलावली.

दुधाचं प्रकरण तर मंडळाच्या गणपतीत झालं. अस्सल पाचू दुधात टाकला की दूध हिरवं दिसतं अशी एक समजूत आहे. आरतीनंतर उमाळकरांनी स्टेजवर काचेचा पेला मागवला, दूध ओतवलं, अंगठी काढली आणि सोडली. टुबुक. मग पेला करंगळी आणि अंगठ्यात धरून पहिल्या रांगेपुढून फिरवला.

"दिसून राहिलं ना हिरवं?"

"दिसून राहिलं, साहेब," मंडळाचे चिटणीस म्हणाले. दिसून राहिलं, खजिनदार म्हणाले. दिसून राहिलं, दिसून राहिलं, असं करत पेला माझ्यापर्यंत आला. दूध गवळ्याने आणलं तसं होतं, पांढरं आणि जरा निळसर, पाणी घातलेलं.

"झकास हिरवं," मी म्हणालो. त्या महिन्यात माझे तीन लेटमार्क होते.

प्रयोग झाल्यावर ते दूध उमाळकरांनी प्रसाद म्हणून स्वतःच पिऊन टाकलं, अंगठीसकट नव्हे, हे आमचं दुर्दैव.

इथपर्यंत उमाळकर म्हणजे एक बरी करमणूक होती. असा माणूस प्रत्येक कॉलनीला एक लागतो. फिरतूची गोष्ट घडली नसती तर मी आज हे सगळं हसत हसत लिहून संपवलंही असतं.

फिरतू स्लॅगच्या डंपवर ठेकेदाराचा मजूर होता. भट्टीत लोखंड वितळलं की वर जी घाण तरंगते ती स्लॅग. तिच्या टाक्या रुळावरून नेऊन लांब उकिरड्यासारख्या ओततात; ती थंड झाली की तिचे डोंगर होतात. त्या डोंगरावर फिरतूचा दिवस जायचा. गेटपास उमाळकरांच्या हातात, म्हणून रविवारी त्यांच्या बागेतली मेंदी कातरायलाही तोच यायचा. मजुरी म्हणून चहा. बुटका, काळाभोर, बोलताना जमिनीकडे पाहणारा माणूस. त्याचं गाव देवभोगच्याही पलीकडे, जंगलात. तिथे भावासोबत सामायिक शेत, कोदोसारखं भरड धान्य पिकायचं.

थंडीतल्या एका रविवारी दुपारी मी पेपर मागायला उमाळकरांच्या व्हरांड्यात गेलो होतो. फिरतूने कात्री भिंतीला टेकवली, गमछ्याची गाठ सोडली आणि एक दगड उमाळकरांपुढे धरला.

"साहेब, तुमन पथरा चिन्हथव," तो म्हणाला. तुम्हाला दगडांची पारख आहे, म्हणून आणला. त्याच्या शेतात पावसानंतर असे दगड वर येतात. दोन महिन्यांपासून बाहेरचे लोक जीप घेऊन गावात येताहेत आणि त्याच्याच शेताची मागणी करताहेत. कशाला ते सांगत नाहीत. भाऊ म्हणतो देऊन टाक. अंगठा उठवायचा दिवसही ठरला आहे, येत्या मंगळवारचा.

"खेत ला बेचंव के झन बेचंव?" विकू की नको, एवढंच त्याला विचारायचं होतं. दगडात काही असेल तर भावाशी भांडून तो शेत राखणार होता. नसेल तर नाही.

उमाळकरांनी दगड उन्हात धरला.  ओबडधोबड होता, एका अंगाला माती, पण ऊन आत शिरलं की खोल कुठेतरी जाऊन बसत होतं. हिरवा. आंब्याच्या जुन्या पानासारखा गडद हिरवा. उमाळकरांनी नकळत आपली करंगळी त्याच्या शेजारी आणली, तुलना करायला, आणि तिथेच घात झाला. खऱ्या दगडाशेजारी त्यांचा पाचू फुटक्या औषधाच्या बाटलीसारखा दिसायला लागला.

फिरतूलाही ते दिसलं. त्याच्या मनात काही नव्हतं. ओळखीची वस्तू दिसली की माणूस आनंदाने बोलतो तसा तो बोलला.

"साहेब, तुंहर वाला त हमर डंप के आय! अइसन पथरा उहां अब्बड मिलथे."

म्हणजे, तुमचा खडा तर आमच्या डंपवरचा. असे तिथे ढिगाने मिळतात.

मी पेपरात तोंड घातलं. स्वयंपाकघरात उमाळकरवहिनींच्या हातातली पळी थांबल्याचं मला ऐकू आलं. उमाळकरांच्या कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग मान.

"बैठ उधर," ते शांतपणे म्हणाले. "दिया जलने दे. जवाहर दिये में परखते हैं."

खरं तर जवाहीर उन्हातच पारखतात, हे जगातल्या कुठल्याही सराफाने सांगितलं असतं. पण त्यांना वेळ हवा होता, काहीतरी सापडेपर्यंत. फिरतू पायरीवर बसला. तीन तास बसला. मीही बसलो, कारण अशी नाटकं सोडून उठायचा माझा स्वभाव नाही. सहाच्या सुमाराला अंधारून आलं आणि उमाळकरांनी व्हरांड्यातला पिवळा बल्ब लावला. दगड वर धरला.

दगड लाल होता.

माणकासारखा, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. मी उठून उभा राहिलो. फिरतू मात्र हसला. "रात के लाल हो जथे साहेब. बताय बर भुला गे रेहेंव." घरी चिमणीच्या उजेडातही तो असाच होतो, सांगायचं राहूनच गेलं.

उमाळकरांना जे हवं होतं ते मिळालं होतं.

"रंग बदलता है!" ते गरजले. कॉलनीला ऐकू जावं म्हणूनच. "ये पत्थर है के गिरगिट है? अरे, पन्ना कभी रंग बदलता है? मेरा देख. पुराणकाल से हरा है. सुबह हरा, शाम को हरा!" मग माझ्याकडे वळून, "कावून हो, मी काय खोटं सांगून राहिलो? दिवसा एक, रात्री एक. ह्याले का दगड म्हणते? माणूस असता तर जोडे मारले असते." आणि पुन्हा फिरतूकडे, "जा, बेच डाल खेत. कोई पागल ले रहा है तो उसके पाँव पकड़ और दे दे."

आणि त्यांनी तो दगड मेंदीत भिरकावला.

गिरगिट या शब्दावर मी हसलो होतो. ते मला चांगलं आठवतं, कारण हसत असतानाच फिरतूने माझ्याकडे पाहिलं.

"तुमन का कहिथव साहेब? तुमन त लॅबोरेटरी वाले."

माझ्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शक होता, आम्लं होती, वजनकाटे होते. दगड दोन दिवस ठेवून जा, एवढं म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं.

"उमाळकर साहब जानते हैं इन चीजों को," मी म्हणालो.

उमाळकर विजयी पावलांनी आत गेले. फिरतू मेंदीपाशी गेला, वाकला, हाताने पानं चाळली, दगड शोधला, गमछ्यात बांधला. कात्री नीट मिटून भिंतीला लावली. मला हात जोडले आणि गेला. उमाळकरांनी यातलं काही पाहिलं नाही. त्यांची पाठ होती.

दोन-अडीच महिन्यांनी आमच्या लॅबमध्ये एका रशियन तज्ज्ञाचा निरोपसमारंभ झाला. भिलाईत रशियन लोकांचं कुणाला अप्रूप नव्हतं, प्लान्ट त्यांच्या मदतीनेच उभा राहिलेला. भाजीबाजारात त्यांच्या बायका हिंदीत घासाघीस करायच्या. या तज्ज्ञाची बायको गालिना, जाडजूड, हसतमुख. दुपारी समोसे वाढताना तिच्या बोटातला हिरवा खडा मी पाहिला होता. संध्याकाळी भाषणं लांबली, हॉलमधले बल्ब लागले, आणि चहाचा कप घेताना मी पाहतो तो खडा जांभळट लाल.

माझ्या बशीत चहा सांडला. "मॅडम, ये पत्थर..."

"नकली, नकली!" ती बाई खो खो हसत म्हणाली. "फॅक्टरी! सस्ता!" इतक्या मोकळेपणाने आपला खडा खोटा आहे म्हणणारं माणूस मी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. "असली मेरी दादी की दादी. असली नहीं मिलता. अलेक्सांद्रीत."

मग दुभाष्याला मधे घेऊन तिने सगळं सांगितलं. त्यांच्याकडे उराल नावाचे डोंगर आहेत. तिथे पाचूच्या खाणी होत्या. एके दिवशी खाणकामगारांना हिरवे दगड सापडले; त्यांना वाटलं, पाचूच. रात्री शेकोटीभोवती बसून त्यांनी पोटली उघडली तर सगळे दगड लाल. घाबरले बिचारे. सकाळी पाहतात तर पुन्हा हिरवे. पण तिथे उमाळकर नव्हते. त्यांनी ते दगड फेकले नाहीत, वर दरबारात पाठवले, आणि राजाच्या मुलाच्या नावावरून दगडाचं नाव ठेवलं. जगात दोन-तीन ठिकाणी सापडतो, पाचूपेक्षाही दुर्मीळ. चांगला पाचू एखाद्या शेठाकडे तरी दिसतो, हा दिसत नाही. "दिन हरा, रात लाल," ती आपला फॅक्टरीचा खडा बल्बकडे नाचवत म्हणाली. "दोनों सच्चा!"

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी सायकलने डंपवर गेलो. फिरतू रुळाच्या कडेला भाकरी खात बसला होता. त्याच्याजवळ नवी कोरी सायकल उभी होती.

"खेत?" मी विचारलं.

"खेत त बेचा गे, साहेब." त्याच मंगळवारी. भावाचा वाटा गेला, आणि उरलेल्या शेताची ही सायकल झाली होती. घेणाऱ्याने आता तिथे तंबू ठोकले होते आणि गावच्याच माणसांना रोजीवर लावून तो खोदत होता. फिरतूचा भाऊ त्यांतच होता, स्वतःच्या शेतात रोजीने.

मी त्याला सगळं सांगितलं. रशियाचं, शेकोटीचं, राजाच्या मुलाचं. तो भाकरी चावत ऐकत होता. दगड कुठे आहे विचारलं तर म्हणाला, "नोनी खेलथे." त्याच्या मुलीकडे सागरगोट्यांना चार होते, हा पाचवा झाला.

"उमाळकर साहब को मालूम नहीं था," मी म्हणालो. कुणाची बाजू घेत होतो देव जाणे; बहुधा माझीच.

फिरतूने हात झटकले, वाकून पायाजवळचा स्लॅगचा एक तुकडा उचलला आणि माझ्या हातात दिला. सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा हिरवा. आत एक गोल बुडबुडा.

"बात मोर पथरा के नइ रिहिस, साहेब," तो म्हणाला. "ओखर पथरा के रिहिस." गोष्ट माझ्या दगडाची नव्हतीच, त्यांच्या दगडाची होती.

तो तुकडा खिशात घालून मी तडक उमाळकरांकडे गेलो. त्यांना अपराधी वाटावं, निदान एक रात्र झोप लागू नये, एवढीच माझी माफक इच्छा होती. सगळं सांगितलं. पाचूहून दुर्मीळ हे ऐकताना त्यांची करंगळी हळूहळू खाली आली. मी थांबलो. आता हा माणूस विचारेल, शेताचं काय झालं? फिरतूचं काय झालं?

"कुठे पडला असेल हो तो?" उमाळकर म्हणाले. "मेंदीच्या अलीकडे का पलीकडे?"

वाचकहो, त्या क्षणी मला सांगता आलं असतं, की दगड फिरतूने तेव्हाच उचलून नेला. मी आपल्या चेहऱ्यावर फार विचार केल्याचा भाव आणला, मेंदीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "मला वाटतं, जरा डावीकडे. आणि खोल गेला असेल हो. जड होता."

पुढची तीन वर्षं, निवृत्त होऊन क्वार्टर सोडेपर्यंत, उमाळकरांनी ती बाग खोदली. आधी मेंदी उपटली, मग गुलाब, मग कढीपत्ता. रविवारी सकाळी टाइम ऑफिसचे हेड क्लार्क बनियन आणि लुंगीवर उकिडवे बसून घरातल्या पिठाच्या चाळणीने माती चाळताना दिसायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, बटाटे लावतो आहे. रोज संध्याकाळी सापडलेले खडे ओळीने बल्बखाली मांडायचे आणि एकेकाकडे टक लावून बसायचे. एकही लाल होत नसे. मी कुंपण नसलेल्या हद्दीवरून हाक मारायचो, "काय साहेब, बटाटे?" आणि ते म्हणायचे, "येऊन राहिले, येऊन राहिले." इतका निर्मळ आनंद मला नोकरीत दुसऱ्या कशाने दिला नाही.

त्याच दिवसांत एकदा वहिनी आमच्याकडे विरजण मागायला आल्या. खिडकीतून नवऱ्याची वाकलेली पाठ दिसत होती. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"भाऊजी, तुमाले माहीत आहे ना सारं?"

"काय, वहिनी?"

"लग्नातल्या अंगठीत खरा खडा होता. बारकासा. आम्ही भिलाईले आलो त्या साली नळावर हात धुता धुता निसटला, गेला मोरीत. यांनी दोन दिवस जेवण नाही केलं. तिसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आले तर खिशात हा. दुर्गच्या सोनाराकडून बसवून आणला. मी म्हटलं, राहू द्या, रिकामी घाला. तर म्हणे, लोक विचारतील." त्यांनी विरजणाची वाटी पदराखाली घेतली. "कोणी विचारत नव्हतं, भाऊजी. यांनीच सांगाले सुरुवात केली."

म्हणजे मुर्शिदाबाद, लाहोर, कोचीन, सगळं त्यांना ठाऊक होतं. काचेवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला मी भोळा म्हटलं असतं. हा माणूस मात्र दैत्याच्या पित्तापासून हत्तीच्या पायापर्यंत एकेक पायरी डोळे उघडे ठेवून चढला होता, आणि त्या शिडीला धक्का लागला म्हणून दुसऱ्याचं शेत घालवून मोकळा झाला होता.

पुढे देवभोगकडच्या दगडांची बातमी पेपरात आली आणि सगळा मध्य प्रदेश त्याबद्दल बोलू लागला. सरकारने शेतांवर पहारे बसवले. फिरतू डंपवरच होता.

उमाळकरांना मी शेवटचं पाहिलं ते दोन वर्षांपूर्वी, स्मृति नगरातल्या त्यांच्या नव्या घरी. माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो होतो. दिवेलागणीची वेळ. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर उमाळकर, समोर नव्याने राहायला आलेले बँकेतले मिश्राजी, तोंड उघडं टाकून ऐकत होते. करंगळी जोरात चालू होती. मला त्यांनी हातानेच थांबायची खूण केली, कारण इतिहास ऐन रंगात आला होता. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

आता त्यात मिसर नव्हतं, बादशहा नव्हता, हत्तीही शेवटी मोकळा झाला होता. आता सुरुवातच देवभोगपासून होती.

"पहला पत्थर किसने पहचाना? इसी आदमी ने," उमाळकर स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले. "एक गरीब मजदूर लेके आया था. फिरतू नाम था. मैंने रात को बल्ब में देखा, और उसके हाथ पकड़ लिये. बोला, फिरतू, भैया, जान दे देना, खेत मत देना!"

"फिर?" मिश्राजी म्हणाले.

"नहीं माना." उमाळकरांनी उसासा टाकला. डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी, मी शपथेवर सांगतो. "जाते जाते एक निशानी दे गया. ये." आणि करंगळी मिश्राजींच्या नाकासमोर धरली. "दिन में हरा. रात को लाल."

"अरे वाह! तो अभी लाल होगा? अंधेरा तो हो ही गया. बत्ती जलाइए ना."

उमाळकर थबकले. "आज बल्ब गया हुआ है."

"बल्ब चांगला आहे," आतून वहिनींचा आवाज आला. "सकाळीच बदलला. भाऊजी, तुमच्या पाठीमागेच बटन आहे."

उमाळकरांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं; आता ते मागत होते, नुसत्या डोळ्यांनी. एका क्षणासाठी मला त्यांची दया येईल की काय अशी भीती वाटली. पण मला पायरीवर तीन तास बसलेला माणूस दिसला, आणि पेपरात तोंड घातलेला मी. हे बटन दाबायला मला आठ वर्षं उशीर झाला होता. एवढा लेटमार्क खुद्द उमाळकरांनीही कधी कुणाला लावला नसेल.

मी बटन दाबलं. करंगळीने.

पिवळा उजेड पडला. मिश्राजी उत्साहाने पुढे वाकले. उमाळकरांचे दोन्ही हात मांड्यांखाली होते, खूप थंडी वाजत असल्यासारखे. "दिखाइए ना, साहब," मिश्राजी म्हणत होते, "दिखाइए ना." मी पत्रिका तिपाईवर ठेवली, आत वहिनींना नमस्कार केला आणि निघालो. फाटक लावताना वळून पाहिलं. मिश्राजी अजून वाकलेलेच होते, आणि उमाळकर ताठ बसले होते, खांद्यापासून कोपरापर्यंत दिसत होते, त्याच्या पुढे काही नव्हतं.